घरट्याचा ठावठिकाणा

१८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचा एक तरुण पक्षिनिरीक्षक न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोनदा फेरफटका मारून आला आणि येताजाताना दिसणाऱ्या बायकांच्या टोप्या मोजत राहिला. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती. कुठे नुसता तुरा, कुठे पंख, तर कुठे अख्खा पक्षीच टोपीवर शिवलेला. पक्ष्यांच्या चाळीस जाती त्याने त्या टोप्यांवर ओळखल्या आणि आपली यादी ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाकडे पाठवली. साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी त्याच वर्षी पक्षिरक्षणासाठी ऑड्युबन सोसायटी काढली.

आणि त्याच वर्षी हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेने सारा ऑर्न ज्यूएट या लेखिकेचा एक कथासंग्रह छापला. त्यातली पहिली कथा ‘अ व्हाइट हेरॉन’. पांढऱ्या बगळ्याची ही कथा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाचली जाते आहे. निसर्गाशी इमान राखायचं की माणसाचा लोभ जपायचा, हा पेच लघुकथेत कसा मांडता येतो याचा विचार करायचा झाला, तर सुरुवात इथून करावी. या पेचाच्या कथा पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंची किंमत इतक्या प्रामाणिकपणे मांडणाऱ्या थोड्याच.

कथानक एवढंसं आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथल्या रानाच्या कडेला एका जुन्या शेतघरात मिसेस टिली ही म्हातारी आणि तिची नऊ वर्षांची नात सिल्व्हिया राहतात. पोरीची पहिली आठ वर्षं कारखान्यांच्या गजबजलेल्या गावात गेली. माणसांना बिचकणारी ही नात आजीने लेकीच्या भरल्या घरातून उचलून आणली आणि वर्षभरात ती रानात अशी मिसळली, की पाखरं तिच्या हातून दाणे टिपू लागली. जूनमधल्या एका संध्याकाळी ती गाय शोधून घरी आणते आहे. गाय मोठी वस्ताद. हकलबेरीच्या झुडपांत शिरून अशी स्तब्ध उभी राहते, की गळ्यातली घंटा जराही वाजू नये. त्या उशीर झालेल्या वाटेवर जवळच कुणीतरी शीळ घालतं. पाखराच्या शिळेत ओळख असते. ही माणसाची शीळ, ठाम आणि थोडी अंगावर येणारी. सिल्व्हिया झुडपाआड सरकते, पण उशीर झालेला असतो. खांद्यावर बंदूक टाकलेला एक तरुण वाट चुकला आहे, त्याला रात्रीपुरता आसरा हवा आहे.

हा तरुण पक्षी गोळा करतो. स्वतः मारलेले, स्वतः फासात धरलेले, पेंढा भरून जतन केलेले कितीतरी पक्षी त्याच्या संग्रही आहेत. या भागात सहसा न दिसणारा एक पांढरा बगळा त्याने नुकताच पाहिला असून त्याचं घरटं त्याला हवं आहे. दाखवील त्याला तो दहा डॉलर देणार. सिल्व्हियाने तो पक्षी दलदलीच्या कडेला पाहिलेला आहे. त्या रात्री दहा डॉलरमध्ये काय काय येईल, याचा हिशेब तिच्या मनात काही केल्या संपत नाही. दुसरा दिवस ती त्याच्याबरोबर रानात हिंडते. तिसऱ्या पहाटे एकटीच उठून रानातल्या सर्वांत उंच झाडावर चढते, घरटं शोधून काढते, घरी परतते, आणि सांगत नाही.

शेवट आधीच उघड केल्याने या कथेचं काही बिघडत नाही. ती सांगणार की नाही, ही उत्सुकता पहिल्या वाचनापुरती. पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने: तिने गप्प राहण्याइतकं मोठं काय पाहिलं, आणि त्यापायी तिचं काय गेलं?

सारा ऑर्न ज्यूएट ही त्याच भागातली. ३ सप्टेंबर १८४९ रोजी साउथ बर्विक या गावी तिचा जन्म झाला. वडील थिओडोर ज्यूएट गावोगाव फिरणारे डॉक्टर. लहानपणीच सांधेदुखीने धरलेली ही मुलगी शाळेपेक्षा वडिलांच्या घोडागाडीत जास्त वाढली. ते एखाद्या घरात रोगी तपासायला शिरले, की ही बाहेर थांबून नाहीतर आत चुलीपाशी बसून ऐकायची: कुणाचा मुलगा समुद्रावर गेला, कुणाची जमीन पडीक राहिली, कुणाच्या घरी आता एक म्हातारीच उरली. वाटेत वडील झाडं आणि पक्षी ओळखायला शिकवायचे. विशीत तिची कथा ‘अटलांटिक मंथली’त आली. ‘डीपहेवन’ १८७७ मध्ये, ‘अ कंट्री डॉक्टर’ १८८४ मध्ये आणि सर्वांत नावाजलेलं ‘द कंट्री ऑफ द पॉइंटेड फर्स’ १८९६ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘अ व्हाइट हेरॉन’ मात्र तिने मासिकात छापलीच नाही. मासिकाच्या दृष्टीने ही काही फार चांगली कथा नव्हे, पण आपला तिच्यावर जीव आहे आणि ती पुस्तकाच्या सुरुवातीला घालायची आहे, अशा अर्थाचं तिने पत्रात लिहिलं होतं. तिने ते तसंच केलं.

तिचा हा जीव कथेतल्या तरुणाच्या वाट्यालाही आला आहे, आणि सगळी कथा त्यावर उभी आहे. शिकाऱ्याला दुष्ट करून टाकणं अगदी सोपं होतं. तो उर्मट असता, पोरीवर खेकसला असता, तर तिचं गप्प राहणं साधी सुटका ठरली असती. पण हा माणूस बोलायला गोड, वागायला सालस आहे. आजीच्या गरिबीतली टापटीप त्याच्या नजरेत भरते. तो सिल्व्हियाला एक चाकू देतो आणि तिला त्या चाकूचं अप्रूप वाटतं. पक्ष्यांच्या सवयी तो तिला समजावून सांगतो. तिला कोडं एकाच गोष्टीचं पडतं: ज्यांच्यावर याचा इतका जीव, त्यांनाच हा का मारतो? बंदूक नसती तर तो तिला आणखी आवडला असता. तरी दिवस कलता कलता तिच्या मनात काहीतरी हलतं. तोवर माणसांना घाबरणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच एक माणूस हवासा वाटतो आहे.

त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीशिवाय होतच नसे. आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या, उडत्या पक्ष्याला टिपणारा कॅमेरा नव्हता. पक्षी हातात घेऊन, पंख पसरून, चोच मोजून ओळखायचा. ज्या जॉन जेम्स ऑड्युबनचं नाव ग्रिनेल यांनी आपल्या संस्थेला दिलं, त्यानेही आपली अजरामर चित्रं मारलेले पक्षी तारांनी उभे करून काढली होती. आपल्याकडे डॉ. सालिम अली यांची सुरुवात अशीच झाली. १९०८ च्या सुमाराला मुंबईच्या या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं त्याच्यापुढे उघडली आणि एका मोठ्या आयुष्याची दिशा ठरली. म्हणजे सिल्व्हियाच्या दारी आलेला तरुण कदाचित पुढे पक्ष्यांचा मोठा जाणकार होणार होता. पक्ष्यांवर त्याचं प्रेम आहे यात शंका नाही. ते प्रेम मुठीत घेतल्याशिवाय पुरं होत नाही, एवढीच त्याची अडचण.

घरातही सगळी माणसं त्याच्याच बाजूची. मिसेस टिलीचा मुलगा डॅन रानाचा पक्का माहीतगार आणि अचूक नेमबाज होता. तो घरी होता तोवर तित्तिरांना आणि खारींना तोटा नव्हता. सिल्व्हिया त्याच्यावर गेली आहे, असं आजी कौतुकाने सांगते. रानाची ओळख या घरात बंदुकीच्या हातानेच आलेली आहे. पोरीने ती घेतली आणि बंदूक घेतली नाही. ज्यूएट हे चार वाक्यांत सांगून पुढे जाते, पण वाचणाऱ्याने तिथे जरा थांबावं. ही कथा रान आणि शहर अशी सरळ विभागलेली नाही. रानातल्या माणसांनाही पांढरा बगळा आणि दहा डॉलर यांतलं काय निवडावं हा प्रश्न पडत नाही. आजी तर नातीवर रागावते, तिला बोलतं करायला बघते. तिच्या गरिबीला ते दहा डॉलर खरोखर हवे आहेत.

बाहेरच्या जगात तेव्हा काय चाललं होतं? बगळ्याच्या पाठीवरचे नाजूक तुरे विणीच्या हंगामातच फुटतात. त्यामुळे पिसांचे व्यापारी पक्षी घरट्यावर बसलेला असतानाच मारायचे आणि मागे पिल्लं उपाशी मरायची. पुढे या तुऱ्यांचा भाव वजनाला सोन्याहून चढला. १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून, पिसांच्या टोप्या सोडा म्हणून गळ घातली. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑड्युबन सोसायटी उभी राहिली. १९०० साली बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांच्या व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा आला. १९०२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, कारण आपल्याकडचे बगळेही याच बाजाराला बळी पडत होते. १९०५ मध्ये फ्लॉरिडात बगळ्यांच्या वसाहतींवर पहारा देणाऱ्या गाय ब्रॅडली या रक्षकाला गोळी घालून मारण्यात आलं. ‘अ व्हाइट हेरॉन’मध्ये यातलं काहीच नाही. टोपी नाही, बाजार नाही, प्रचाराचं एकही वाक्य नाही. एक पाहुणा आणि एक घरटं. तरी १८८६ चा वाचक बगळा म्हटल्यावर काय आठवत असेल, हे माहीत असलेलं बरं.

आता त्या झाडाकडे वळू. घरापासून अर्ध्या मैलावर, रान जिथे सर्वांत उंच आहे तिथे, एक पाइन उभा आहे. आपल्या पिढीतला शेवटचा. तो का राखला, हद्दीची खूण म्हणून की आणखी कशासाठी, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्याच्या सोबत्यांना तोडणारे लाकूडतोडे कधीच मरून गेले. मेन ज्या प्रदेशात येतं त्या न्यू इंग्लंडच्या पांढऱ्या पाइनची हकिगत खरोखर अशीच आहे. वसाहतीच्या काळात २४ इंचांपेक्षा जाड बुंधे इंग्लंडच्या आरमारासाठी राखून ठेवत, त्यांवर बाणाची खूण कोरत, आणि त्यांच्या डोलकाठ्या होत. स्वातंत्र्यानंतर करवती चालल्या त्या वेगळ्याच. सिल्व्हिया ज्या झाडावर चढते ते असं मागे राहिलेलं झाड आहे, आणि दूर समुद्रातल्या खलाशांना ते किनाऱ्याची खूण म्हणून दिसतं.

पाइनचा बुंधा तिच्या कवेत मावणारा नाही. म्हणून ती आधी शेजारच्या पांढऱ्या ओकवर चढते आणि जिथे त्याची वरची फांदी पाइनच्या खालच्या फांद्यांजवळ येते, तिथून पलीकडे जाते. हा टप्पा जिवावरचा. सुकलेल्या काटक्या अंग ओरबाडतात, डिंकाने बोटं ताठरतात. अजून उजाडायचं आहे आणि खाली पाखरं नुकती जागी होत आहेत. शेंड्यावर पोचल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसतो, त्यावर सूर्य वर येत असलेला. दोन ससाणे तिच्या पायांखालून उडत जातात. वर मान करून पाहायचे पक्षी आता ती वरून पाहते आहे. मग दलदलीतल्या हेमलॉकच्या एका मेलेल्या झाडाजवळून एक पांढरा ठिपका उठतो, मोठा होत जातो, पाइनला वळसा घालतो आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर फांदीवर येऊन बसतो. घरट्यातल्या जोडीदाराला साद घालतो. पिसं साफ करू लागतो.

इथे ज्यूएट एक विलक्षण गोष्ट करते. निवेदन मध्येच थांबवून ती मुलीशीच बोलू लागते, हलू नकोस म्हणून तिला बजावते. भूतकाळात चाललेली कथा हळूच वर्तमानात येते. अनेक टीकाकारांना ही लुडबूड खटकली आहे. पण तिची तिथे गरज आहे. सिल्व्हिया पुढे गप्प बसते ती कोणत्याही तत्त्वामुळे नाही. नऊ वर्षांच्या मुलीला पक्षिरक्षणाचं तत्त्व कुठून असणार? बगळ्याच्या उंचीवर जाऊन, एका झाडावर त्याच्याबरोबर बसून तिने तो समुद्र आणि ती सकाळ पाहिली, म्हणून तिची जीभ उचलत नाही. हे वाचकाला पटायचं असेल तर त्यालाही त्या फांदीवर बसवावं लागतं, श्वास रोखायला लावावं लागतं. निवेदिकेचा तो दबका आवाज नेमकं हेच काम करतो. शिवाय ती वर चढली होती घरटं सांगण्याच्याच ओढीने, हेही विसरू नये. त्या तरुणाला किती आनंद होईल, याच विचाराने ती निघाली होती.

खाली येताना फ्रॉक फाटून चिंध्या झालेला, अंग डिंकाने माखलेलं. दारात आजी आणि पाहुणा दोघंही उभे. दोघं विचारतात. तरुणाच्या डोळ्यांत आर्जव आहे. त्याला खूश करणं आणि घराची ददात मिटवणं तिच्या एका शब्दावर आहे. आणि तो शब्द येत नाही.

या मौनाचं वजन कळायला आणखी दोन कथा आठवाव्यात. तुर्गेनेव्हच्या ‘मूमू’मध्ये (१८५४) मुका भूदास गेरासिम मालकिणीच्या हुकमापायी आपली लाडकी कुत्री स्वतःच्या हाताने बुडवतो आणि मग तिची चाकरी सोडून गावाकडे चालू लागतो. शरच्चंद्रांच्या ‘महेश’मधला गफूर दुष्काळाने आणि जमीनदाराने पिचलेला आहे; त्याची लेक अमीना हिचा घडा फोडून तहानेल्या बैलाने सांडलेलं पाणी प्यायलं, तेव्हा संतापाच्या भरात त्याच्या हातून बैल मरतो आणि रात्री बापलेक तागाच्या गिरणीची वाट धरतात. मराठी वाचकाला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्जची ही कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत अशी आणली, की ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू इथल्या कितीतरी घरांतलं झालं. पिल्लू शेत खातं, बाप अंथरुणाला खिळलेला, आई गोळी झाडते ती वर्मी लागत नाही, आणि उरलेलं काम पोराला करावं लागतं. या तिन्ही ठिकाणी माणूस नाइलाजाने, मालकाच्या धाकाने नाहीतर भुकेने, मुक्या जिवाला गमावतो. सिल्व्हियावर धाक नाही, घरात उपासमारही नाही. तिच्यावरचं दडपण मायेचं आहे, म्हणून ते दूर सारणं अधिक कठीण. धाकाला नाही म्हणणाऱ्याला स्वतःचा अभिमान तरी वाटतो. प्रेमाने मागणाऱ्याला नाही म्हणणाऱ्याच्या हाती तसं काहीच उरत नाही.

ज्यूएट हे लपवत नाही, इथेच ती मोठी लेखिका ठरते. तरुण निराश होऊन निघून जातो. त्यानंतर कित्येक संध्याकाळी गाय घरी आणताना सिल्व्हियाला त्याच्या शिळेचा भास होत राहतो. त्याच्या बंदुकीच्या आवाजाने आणि रक्ताळलेल्या पाखरांनी झालेलं दुःखही ती विसरून जाते, इतकी त्याची आठवण येते. पाखरं तिची अधिक चांगली मित्र ठरली का, हा प्रश्न निवेदिका सरळ विचारते आणि उत्तर देत नाही. गमावलेल्या गोष्टी लक्षात ठेवून ती रानालाच साकडं घालते, की या एकट्या मुलीला तुझ्याकडचं काही दे. ते मिळालं का, हे कथेत नाही.

पुढे विला कॅथर या लेखिकेने ज्यूएटच्या निवडक कथांचं संपादन १९२५ मध्ये केलं तेव्हा ही कथा त्यात घेतली. त्याआधी १९१३ मध्ये ‘ओ पायोनियर्स!’ ही कादंबरी तिने ज्यूएटला अर्पण केली होती; ज्यूएट १९०९ मध्येच गेली होती. गेल्या काही दशकांत या कथेचं स्त्रीवादी वाचन झालं, पर्यावरणाच्या अंगाने वाचन झालं, आणि दोन्ही वाचनांत सिल्व्हिया विजयी ठरत गेली. त्यात तथ्य आहे, पण विजयाची भाषा या मुलीला जरा मोठी होते.

ही कथा ज्या संग्रहात पहिली आहे, त्याच संग्रहात ‘मार्श रोझमेरी’ नावाची आणखी एक कथा आहे. तीही लगोलग वाचावी. तिथे ॲन फ्लॉइड ही प्रौढ बाई स्वतःहून तरुण अशा एका खलाशाशी लग्न करते. तो तिला सोडून परागंदा होतो. पुढे तिला कळतं, की दूरच्या गावी त्याने दुसरा संसार थाटला आहे. जाब विचारायला ती तिथवर जाते. खिडकीतून तिला दिवा, ती तरुण बायको आणि तिचं तान्हं बाळ दिसतं. ती दार न ठोठावता माघारी फिरते आणि कुणालाही काही सांगत नाही. इथेही एका बाईला दुसऱ्याचा ठावठिकाणा ठाऊक आहे, आणि तिचा एक शब्द ते घर मोडू शकला असता. एकाच पुस्तकात एकदा बगळ्याच्या घरट्यासाठी आणि एकदा माणसाच्या घरासाठी पाळलेली ही दोन मौनं ज्यूएटने शेजारी ठेवली आहेत. दोन्हीत गप्प राहणारी गरीब आहे, एकटी आहे, आणि तिने काय केलं हे गावात कुणाला कधी कळत नाही.